गेले म्हणजे?

माझी भाची ओबो वाजवते. हे सांगितलं की समोरचा आधी "काय?" म्हणतो आणि मग "बरं, बरं" म्हणतो, म्हणजे त्याला काहीही कळलेलं नसतं. ओबो हे काळ्या लाकडाचं, हातभर लांबीचं वाद्य. त्याच्या तोंडाशी बोरूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून फुंकायचं असतं. नीट वाजलं तर ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं. नीट वाजलं नाही तर बदक ओरडल्यासारखं होतं. पहिली दोन वर्षं आमच्या घरात बदकच होतं. तेव्हापासून मी तिला पिपाणी म्हणते, आणि ती ओ देते, म्हणजे तिला ते मान्य असावं.

ओबो तिने निवडला नाही. शाळेत संगीताच्या सरांनी वाद्यं वाटली त्या दिवशी ती उशिरा पोचली. व्हायोलिनं संपली होती, ड्रमवर भांडणं चालू होती, आणि कपाटात मागे पडलेला हा एक काळा डबा कुणाला नको होता. तो हिच्या वाट्याला आला. सरांनाही तो धड वाजवता येत नव्हता. पुस्तकं आणून, कुणाकुणाला विचारून त्यांनी हिला शिकवलं आणि हिच्याबरोबर स्वतःही शिकले. अशी माणसं भेटायला नशीब लागतं.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि पिपाणीची आई, सोफ्याच्या कारखान्यात गाद्यांची कव्हरं शिवते. जाड कापड, त्याहून जाड सुया. तिच्या बोटांना इतके घट्टे पडलेत की ती गरम पातेलं हातानेच उतरवते. कारखान्यातला मेण लावलेला दोरा ती घरी आणते आणि पिपाणी तो पळवते, कारण बोरूच्या पट्ट्या बांधायला तसाच दोरा लागतो. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला ताई भाजी चिरत असते आणि दुसऱ्या टोकाला पिपाणी छोट्या सुरीने बोरू तासत असते. तासभर कुणी बोलत नाही. बोलण्याचं काम माझ्याकडे आहे. मी हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसते. लग्न केलं नाही, ताईकडेच राहते. भाडं अर्धं देते आणि मत पूर्ण देते.

पिपाणी एकदा मला समजावून सांगत होती की ओबोत दम कमी पडत नाही, उलट उरतो. फट इतकी बारीक असते की छातीतली हवा बाहेर पडायला वावच नसतो. ती आत शिळी होते आणि जीव गुदमरतो. म्हणून मध्येच थांबून आधी शिळी हवा टाकायची आणि मग ताजी घ्यायची. मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरासारखंच की. ती हसली नाही.

घरात चौथं माणूस नाही. पिपाणीचे वडील ट्रम्पेट वाजवायचे. आधी हॉटेलांत, मग मोठ्या प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये. सहा महिन्यांच्या करारावर गेले, करार संपला आणि ते आले नाहीत. एक दिवस फोन आला की आता तिकडेच राहणार. कुणाबरोबर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी एकदा पैसे पाठवले, ते ताईने आले तसे परत केले. मग पैसेही थांबले आणि फोनही. पिपाणी तेव्हा सात वर्षांची होती.

त्या सुमारास शेजारच्या बाईने जिन्यात विचारलं, "हिचे बाबा बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत?" ताई कुलूप लावत होती. वळूनही न बघता ती म्हणाली, "गेले." त्या बाईचा चेहरा पडला. तिने ताईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ताईनेही सोडवून घेतला नाही. झालं. त्या दिवसापासून शाळेत "गेले", दुकानात "गेले", घरमालकाकडे "गेले". आम्ही कुणी खोटं बोललो नाही. गेलेच होते की. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते तो समजायचा, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईपेक्षा विधवेशी लोक जरा बरं वागतात, हे ताईला लवकर कळलं. घरात मात्र नाव काढायची वेळ आलीच तर ती "तो" म्हणायची. बाहेर "ते गेले" आणि घरात "तो". पिपाणी दोन्हीकडे "बाबा" म्हणायची, पण फार क्वचित.

तर पिपाणीला संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला. दुसऱ्या शहरातलं, मोठं, नावाजलेलं. ओबोच्या चार जागा, त्यातली एक हिची. सर दवंडी पिटावी तसं रस्त्यात मोठमोठ्याने सांगत सुटले. आम्ही दोघी बहिणी खूश झालो आणि लगेच गप्पही झालो, कारण फी आणि वसतिगृह धरून जो आकडा होता तो ताईच्या आणि माझ्या पगाराच्या आसपासही फिरकत नव्हता. जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवणार होते. मी माझी शिल्लक पुढे केली. ताईने ती बघितली आणि म्हणाली, "यात तिचं वर्षभराचं जेवण होईल. फी कोण भरणार?" मला राग आला, पण हिशोब तिचा बरोबर होता.

मग सरांनीच माग काढला. एक विश्वस्त निधी होता. ओबो वाजवणाऱ्या एका कलावंताच्या मागे त्याच्या बायकोने सुरू केलेला. फुंकून वाजवायची वाद्यं शिकणाऱ्यांना त्यातून शिष्यवृत्ती मिळायची. सर म्हणाले, "अर्धी फी तरी देतील. उरलेल्याचं बघू." त्या बाई स्वतः मुलाखत घेणार होत्या.

मुलाखतीला ताईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. आत पिपाणी आणि सर, बाहेर बाकावर मी. दारातून ओबो ऐकू येत होता. घरात मी तिचं वाजवणं भांड्यांच्या आवाजात ऐकते, तिथे नुसतं ऐकलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं की ही आपली पिपाणी. मग वाजवणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं, ते काही कळेना. मग बोलणंही थांबलं. दार उघडलं तेव्हा सरांचे डोळे ओले होते आणि पिपाणीचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं गं?"

"बाई रडल्या," ती म्हणाली.

"वाजवलंस म्हणून?"

ती ओबोच्या डब्याची कडी लावत राहिली. सर म्हणाले, "सगळं छान झालं, मावशी. फार छान झालं." ते सगळ्यांसारखे मला मावशीच म्हणतात. मी सुखाने घरी आले.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी सर जिना धावत चढून आले. धापा टाकत म्हणाले, "पूर्ण मिळाली. फी, वसतिगृह, जेवण, नवा ओबोसुद्धा. सगळी वर्षं."

ताईच्या हातातली सुरी तशीच राहिली. ती खुर्चीवर बसली. मी तिला कितीतरी वर्षांत असं नुसतं बसलेलं बघितलं नव्हतं. "पण आपण तर अर्ध्यासाठीच अर्ज केला होता," ती म्हणाली.

"हो. पण पूर्ण शिष्यवृत्ती दर वर्षी एकालाच असते. वडील नसलेल्या मुलांसाठी राखीव. अर्जात आपण ते लिहिलंच नव्हतं. हिने बाईंना तोंडी सांगितलं, म्हणून त्यांनी स्वतःहून तिकडे वळवलं." सर पाणी प्यायले. "आता फक्त एक करायचं. पुढच्या आठवड्यात आईने बाईंना भेटायचं. त्या कधी दाखला मागत नाहीत. त्यांचे वडील लहानपणीच गेले, आणि त्यांच्या आईला जिथे जाईल तिथे मरणाचा दाखला दाखवावा लागायचा. म्हणून बाई फक्त समोर बसवून विचारतात आणि माणसाच्या शब्दावर देतात. पद्धतच आहे त्यांची."

सर गेले. सर त्यांच्या घरी गेले, असं म्हणते मी.

"काय सांगितलंस तू बाईंना?" मी पिपाणीला विचारलं.

ती बोटाला दोरा गुंडाळत होती. "त्यांनी विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, बाबा गेले. त्या म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, मी सात वर्षांची असताना." तिने वर बघितलं. "आपण असंच सांगतो ना?"

"मग?"

"मग त्या रडायला लागल्या. त्यांचेही वडील त्या सात वर्षांच्या असतानाच गेले म्हणाल्या. तेव्हा मला कळलं."

"अगं, मग तेव्हाच बोलायचं नाही का? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"सर शेजारी उभे होते, मावशी. सरांनाही तेच वाटतं. सगळ्यांनाच तेच वाटतं."

"तिच्यावर ओरडू नकोस," ताई म्हणाली. "काय चुकीचं बोलली ती? गेलाच ना तो?"

आता माझी खिडकी मध्ये आली. हॉस्पिटलात आम्हाला "गेले" हा शब्द वापरायची बंदी आहे. म्हणजे लेखी नाही, पण आम्ही आमच्यात पाळतो. एकदा एका नव्या नर्सला एका बाईने विचारलं, माझे मिस्टर या कॉटवर होते, कुठे आहेत? नर्स घाईत होती. म्हणाली, ते गेले. ती बाई जागच्या जागी कोसळली. मिस्टर एक्स-रे काढायला खाली गेले होते. चाकाच्या खुर्चीत बसून परत आले तर बायको जमिनीवर आणि तिच्याभोवती गर्दी. नंतर ती बाई हसली, आम्हीही हसलो, पण तेव्हापासून आम्ही "घरी सोडलं" म्हणतो, "खाली नेलंय" म्हणतो, आणि वेळ आली तर खुर्चीवरून उठून, समोर जाऊन "वारले" म्हणतो. आणि खिडकीशी येऊन कुणी "आमचे ते गेले" म्हटलं, की मला विचारावं लागतं, गेले म्हणजे? दिवसातून दहा वेळा विचारते. माझ्या जिभेला त्याची लाज उरलेली नाही.

हे सगळं मी ताईला ऐकवलं. "बाईंसमोर बसल्यावर नुसतं गेले म्हणून भागणार नाही," मी म्हटलं. "त्या खोदून विचारतील. मग वारले म्हणावं लागेल. म्हणशील?"

"म्हणेन."

"ताई."

"तुझ्या खिडकीचे नियम खिडकीत ठेव." ती ओरडली नाही, ती कधीच ओरडत नाही. "वडील नसलेल्या मुलीसाठी ठेवलेले पैसे वडील नसलेल्या मुलीला मिळताहेत. कुठे आहेत हिचे वडील? दाखव मला. आजारी पडली तेव्हा कुठे होते? तिचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा कोणत्या खुर्चीवर बसले होते? मेलेल्या माणसाने याहून काय कमी केलं असतं?" तिने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "माझ्या लेखी तो वारलाच आहे. आणि पोरीचं आयुष्य त्या एका शब्दावर अडणार असेल तर मी तो दहा वेळा म्हणेन."

खरं सांगायचं तर मनातून मलाही ते पैसे हवे होते. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण राग नेमका कुणावर, हे मला सांगता आलं नसतं. एका परक्या बाईने रडून दिलेले पैसे होते ते. तिने कागद मागितला असता तर तो नव्हताच, विषय तिथेच मिटला असता. तिने शब्द मागितला होता.

पिपाणी उठून आतल्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी ओबो वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बाईंना भेटायचा दिवस आला. त्यांचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, कठडा पितळी. वर लांबट व्हरांडा आणि तोच बाक. भिंतीवर एका वाद्यवृंदाचे जुने फोटो, प्रत्येकात मधोमध तोच सडपातळ माणूस हातात ओबो धरून बसलेला. ताईने कारखान्यातल्या बैठकीला घालते ते कपडे घातले होते आणि हात मांडीवर पालथे ठेवले होते, घट्टे दिसू नयेत म्हणून. पिपाणी दोघींच्या मध्ये बसली होती. आत कुणीतरी होतं, आम्हाला थांबायला सांगितलं होतं.

"तू काही बोलू नकोस," ताई तिला हळूच म्हणाली. "मी बोलेन. एकच शब्द आहे."

पिपाणी समोरच्या फोटोकडे बघत होती. "आई, गेले म्हण. वारले म्हणू नकोस."

"त्यांनी विचारलं तर म्हणावं लागेल. आणि एकच ते."

"एक नाही."

"कसं एक नाही?"

"गेलेला माणूस कधीतरी येतो," पिपाणी म्हणाली.

ताईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी हिला जेवलीस का, झोपलीस का, दप्तर भरलंस का, सगळं विचारलं होतं. हे कधी विचारलं नव्हतं.

"तू त्याची वाट बघतेस?" ताईने विचारलं.

"वाट नाही बघत. मला माहितीय ते येणार नाहीत." ती बोलायची थांबली. मग एका दमात म्हणाली, "पण मी पहिल्यांदा वाद्यवृंदात बसले ना, तेव्हा आधी ट्रम्पेटच्या रांगेकडे बघितलं. आता कुठेही गेले तरी बघते. कार्यक्रम ऐकायला गेले तरी. टीव्हीवर दिसला तरी. बसायच्या आधी एकदा तिकडे बघते, मग वाजवते."

"म्हणून तुला हे शिकायचंय?"

"नाही गं. शिकायचंय म्हणून शिकायचंय. पण बघते." तिने नाक पुसलं. "आज तू वारले म्हटलंस तर मला तिकडे बघता येणार नाही. त्या पैशांवर शिकायचं आणि तिकडे बघायचं, असं नाही होणार माझ्याकडून. तू म्हण हवं तर. मी मध्ये बोलणार नाही. तू माझ्यासाठीच करतेयस, कळतं मला."

ताईने हात उलटे करून स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आम्हाला आत बोलावलं.

बाई म्हाताऱ्या होत्या, पण ताठ. केस बारीक कापलेले, हातात काठी. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि काचेच्या कपाटात स्वरलिपीची जुनी पुस्तकं. त्यांनी पिपाणीला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि ताईला म्हणाल्या, "तुमची मुलगी वाजवते तेव्हा मला माझ्या घरातला आवाज ऐकू येतो. फार वर्षांनी आला." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "मला माफ करा, पण एक गोष्ट विचारावी लागते. तुमच्या तोंडून ऐकायची आणि विषय संपवायचा. हिचे वडील कधी गेले?"

बाईंनी आमचाच शब्द वापरला होता. "ती सात वर्षांची असताना," एवढंच म्हणायचं होतं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. वारले म्हणायचीसुद्धा गरज पडली नसती. बाईंनी मान हलवली असती, शिक्का मारला असता आणि आम्ही जिना उतरून गेलो असतो. माझी अख्खी नोकरी तो प्रश्न विचारण्यात गेली, आणि त्या क्षणी मला मनापासून वाटलं की जगात कुणी कुणाला "गेले म्हणजे?" असं विचारू नये.

ताई पिपाणीकडे बघत होती. पिपाणीने मान खाली घातली होती.

"ती सात वर्षांची असताना गेले," ताई म्हणाली. मग थांबली. "गेले. पण आहेत."

बाईंना कळलं नाही. "म्हणजे?"

"आम्हाला सोडून गेले. हयात आहेत."

बाईंनी पिपाणीचा हात सोडला. एकदम नाही, हळूच, पण सोडला. मग त्या खिडकीकडे वळल्या. खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर केलं, त्याचा आवाज आला.

"मग त्या दिवशी मी कोणासाठी रडले?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. खरंच विचारलं.

पिपाणी उभी राहिली. "माझं चुकलं. तुम्ही का रडताय ते मला आधी कळलं नाही. आणि कळलं तेव्हा सांगायला उशीर झाला होता."

"उशीर झाला नव्हता. अवघड झालं होतं."

"हो," पिपाणी म्हणाली.

"तिची चूक नाही," ताई म्हणाली. "तिने माझ्याकडून ऐकलं तसं ती बोलली. मी लोकांना दहा वर्षं असंच सांगितलं. आज इथेही तेच सांगायला आले होते."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता त्या आम्हाला दार दाखवणार. किंवा उठून ताईला मिठी मारणार आणि म्हणणार, असू दे, घेऊन जा सगळं. यांतलं काहीही झालं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"पूर्ण शिष्यवृत्ती मला देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "बासरी वाजवणारी एक मुलगी आहे. तिचे वडील गेल्या वर्षी वारले. ती तिची आहे." "वारले" म्हणताना त्यांनी शब्दावर किंचित जोर दिला, आणि तो आम्हाला लागला. "तुम्ही अर्ज केला होता ती दुसरी. फीची अर्धी रक्कम. ती मी हिला देईन. वाजवण्यावर देईन, दयेवर नाही. त्या दिवशीही ती वाजवण्यावरच मिळाली असती. हे लक्षात ठेव, मुली."

पिपाणीने मान हलवली.

"अर्ध्याने होईल तुमचं?" बाईंनी ताईला विचारलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात माझी शिल्लक, तिचा पगार, घरभाडं सगळं फिरवून बघितलं, आणि तिला माझ्या चेहऱ्यावरच उत्तर दिसलं असावं.

"नाही होणार," ती म्हणाली. "उरलेलं हिच्या वडिलांकडे मागेन."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. हिने परत पाठवलेले त्यांचे पैसे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. कारखान्यात हात शिवला गेला तेव्हा जिने मालकाकडे रिक्षाचं भाडंसुद्धा मागितलं नव्हतं, ती ही.

"कुठे असतात ते?" बाईंनी विचारलं.

"नक्की माहीत नाही. शोधेन."

"आणि देतील?"

"ते त्यांनी ठरवायचं. मी मागेन."

बाईंनी टेबलावरचा कागद ओढला, पूर्वी लिहिलेल्या एका ओळीवर रेघ मारली आणि पेन तसंच धरून ठेवलं. "इथे मला वडिलांचा व्यवसाय लिहावा लागेल. काय करतात?"

घरात आम्ही ट्रम्पेट हा शब्द उच्चारत नाही. टीव्हीवर वाजला तर ताई उठून आत जाते.

"ट्रम्पेट वाजवतात," ताई म्हणाली. बाई लिहायला लागल्या. त्यांचं लिहून झालं तरी ताईचं बोलणं संपलं नव्हतं. पिपाणीकडे बघत ती म्हणाली, "चांगलं वाजवतात."

पिपाणीला रडू आवरेना. ती तिथेच, त्या परक्या खोलीत, तोंडावर दोन्ही हात घेऊन लहान मुलीसारखी रडत राहिली. कुणी तिला गप्प केलं नाही. ताईने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि तिचं रडणं संपेपर्यंत आम्ही तिघी बसून राहिलो.